भोरडीच्या शेपटीचा सर्व्हो

अमरावती,
५ जानेवारी २०२५

चि. प्रीतम यास आशीर्वाद.

फोन न करता पत्र लिहितो आहे. फोनवर आपल्या दोघांचं "हो", "बरं", "जेवलात का" याच्यापुढे काही जात नाही, हे तूही पाहिलं आहेस. तुझी ताई होती तेव्हा मधलं सगळं तीच बोलायची. आता कामाचं बोलायचं आहे आणि ते लिहून नीट होईल.

परवा चांदूर बाजारहून दामिनी मॅडम घरी आल्या होत्या. रागिणी शिकवायची त्या शाळेच्या त्या आता मुख्याध्यापिका आहेत. विज्ञान दिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीला, रागिणी दर वर्षी शाळेच्या मैदानावर तिचं रिमोटचं विमान, भोरडी, उडवायची. यंदा त्या दिवशी तिच्या फोटोला हार घालून भाषणं करायचं चाललं होतं. मॅडम म्हणाल्या, "भाषणं मुलं ऐकत नाहीत. भोरडी उडेल का?" मी म्हणालो, उडेल.

उडेल, पण शेपटीचा सर्व्हो गेलेला आहे. गेल्या मार्चमध्ये रागिणीने शेवटचं उडवलं तेव्हा भोरडी मैदानाबाहेर तुरीच्या धसकटांत उतरली आणि सर्व्होचे दात झडले. तो बदलायचा राहिला. पुढे तपासण्या आणि दवाखाने सुरू झाले. दसऱ्यानंतर ती गेली. विमान तेव्हापासून भिंतीवर आहे.

मॅडमना सर्व्हो म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. काडेपेटीपेक्षा लहान डबी, तिला एक बोट. रिमोटवरची काडी जेवढी सरकवू तेवढंच ते बोट फिरतं, आणि त्याला जोडलेला तारेचा रॉड शेपटीची पट्टी वरखाली करतो. पट्टी वर तर नाक वर. त्या म्हणाल्या, "म्हणजे कान धरून वळवायचं." तसंच आहे.

तर मला जुना होता तसाच सर्व्हो पाठव. निळा, नऊ ग्रॅमचा, त्याच कंपनीचा. दुसरा त्याहून चांगला असला तरी नको. बाकी सगळं मी करतो. उडवायला मात्र तू ये. हवेत फेकायला मी आहेच.

सौ. शकुनला आशीर्वाद.

तुझा,
शालिकराम


अकोला,
९ जानेवारी

ती. भाऊजी यांस सा. न.

तुमचं पत्र पाहून शकुन घाबरली. म्हणे, "भाऊजीचं पोस्टानं पत्र? कोनाचं लगन काढलं का काय?" वाचून दाखवलं तेव्हा उठली आन् च्या करून आणला. मी शुद्ध लिहायचं ठरवून बसलो होतो, पण आपल्याच्यानं होत नाही. ताई असती तं लाल पेनानं वापस धाडलं असतं.

तुमी हो म्हणाले हे भल्ला बेस केलं. आता सर्व्होचं ऐका.

तो निळा सर्व्हो ती कंपनी आता बनवत नाही. त्याच रंगाचे, त्याच नावाचे नकली ढिगानं भेटतात. माझ्या दुकानातल्या काचेच्या कपाटातही होते, मी फेकले. नकलीचं बोट हातानं हलवून पाहा, दातांत ढिलाई लागते. काडी सोडली का मधात यायले पायजे, तं आज इथी थांबते, उद्या तिथी. शेपटीले असा सर्व्हो म्हणजे दारुड्याच्या हाती बैलजोडी.

दुकानात कॉलेजचे पोरं येतात, ते पयले ताकद इचारतात. मी ताईचंच त्यायले सांगतो. सर्व्होची ताकद मागून पाहावी, मधात बरोबर येते का ते पयले पाहावं. मंग वजन. मंग ताकद. भोरडी फोमची हाये, तिच्या शेपटीले पैलवान लावून काय करता?

दोन धाडून राहिलो. एक धातूच्या दातांचा, धसकटात गेला तरी दात झडत नाहीत. दुसरा प्लॅस्टिक दातांचा, नऊ ग्रॅमचाच, काळा, दुसऱ्या कंपनीचा. मी शंभर वेळा काडी हलवून पाहिला, बरोब्बर मधात येते. मी असतो तं डोळे झाकून काळा लावला असता. पण तुमी मीटरवाले, तुमचा हिसाब वेगळा.

बसच्या पार्सलनं धाडतो, डेपोतून घेऊन या. सव्वीस तारखेच्या झेंडावंदनाले उडवून पाहा.

तुमचा,
प्रीतम


अमरावती,
१७ जानेवारी

चि. प्रीतम,
आशीर्वाद.

पार्सल मिळालं.

धातूच्या दातांचा सर्व्हो परत पाठवतो आहे. शेपटीत बसवून पाहिला आणि पंखाखाली दोन बोटं देऊन विमान उचललं. शेपूट खाली गेली. तुझ्या दुकानातला काटा म्हणेल की फरक चार-पाच ग्रॅमचा आहे. पण तो फरक शेपटीच्या टोकाला आहे. इतकी वर्षं हे विमान मीच फेकत आलो, माझा हात त्याला ओळखतो. फेकल्याबरोबर नाक आभाळाकडे करेल आणि जागच्या जागी बसेल. नाकात शिसं भरून तोल साधता येतो, पण मग वजन वाढतं आणि भोरडी जोरात उडवावी लागते. मुलांना ती आवडते ती हळू उडते म्हणून. खालून धावत तिच्या सावलीवर पाय देता येतो. ते घालवायचं नाही.

काळा सर्व्हो जमला नाही. तसेच आणखी दोन पाठव. आणि जुना निळा, खरा, तुझ्या ओळखीत कोणाच्या खणात पडलेला आहे का तेही विचार. वापरलेला चालेल.

झेंडावंदनाला उडवणं होणार नाही.

शालिकराम


अकोला,
२१ जानेवारी

भाऊजी, सा. न.

धातूवाल्याचं पटलं. हात खोटं बोलत नाही.

पण काळा जमला नाही म्हणजे काय? छेद त्याच मापाचे, वायर तीच, वजन तेच. आन् जमला नाही तं तसेच अजून दोन काहून पायजे? खराब निघालेलं टरबूज वापस करून कोनी तेच दोन मागत नाही.

मी इचार केला आन् मले एकच गोष्ट दिसते. काळा सर्व्हो निळ्याच्या उलट्या बाजूनं फिरते. काडी वढली तं पट्टी वर जायच्या जागी खाली जाते. तेच ना? मंग त्यात काय हाये भाऊजी? रिमोटच्या मेनूत 'रिव्हर्स' म्हणून बटण हाये, एक वेळा दाबलं का झालं. तुमाले हे माहीत नाही असं नाही. ताईनं माझ्यासमोर तुमाले दाखवलं हाये. तुमी वीज मंडळात मीटर तपासले, तुमाले एक बटण दाबता येत नाही हे मी कोनाले सांगू?

म्हणून राग येते. सांगून टाकतो. मले वाटते तुमाले विमान उडवायचंच नाही. दामिनी मॅडमले हो म्हणून बसले आन् आता सर्व्होच्या नावानं टाळून राहिले. भोरडी भिंतीवर टांगून तिले हार घालायचा असन तं तसं सांगा, माझी हरकत नाही, तुमचं घर हाये. पण ती माझी बहीण होती. मले इमान उडवायले तिनं शिकवलं. तिच्या दोन वेण्या होत्या तेव्हापासून आमी गवताच्या काडीचे इमान करत होतो.

नाही तं असं करा. ताईचा रिमोट ठेवा कपाटात. मी माझा घेऊन येतो, भोरडी त्याच्यावर जोडतो, अर्ध्या घंट्याचं काम हाये.

सर्व्हो धाडले हायेत. उलटे बोललो असन तं माफ करा.

प्रीतम


अमरावती,
२ फेब्रुवारी

चि. प्रीतम,
आशीर्वाद.

तुझ्या पत्राचं उत्तर लगेच देता आलं नाही.

विमान उडवायचं आहे. मी टाळत नाही. हो म्हणालो ते उडवण्यासाठीच म्हणालो.

तुझा रिमोट आणू नकोस. भोरडी रागिणीच्याच रिमोटवर उडेल. आणि त्या रिमोटमधलं मी काही बदलणार नाही, म्हणून सर्व्हो निळ्यासारखाच फिरणारा पाहिजे. एवढंच कारण आहे.

तुला पटावं म्हणून पुढचं लिहितो. ती गेल्यावर तिच्या साड्या तिच्या बहिणींनी आणि शकुनने नेल्या. पुस्तकं शाळेत दिली. चष्मा आहे, पण चष्म्यात ती काय पाहत होती ते राहत नाही. रिमोटमध्ये राहिलं आहे. सुरू केला की पडद्यावर दिसतं. पंखाच्या पट्ट्यांचं एलेरॉन कुठे, उभ्या शेपटीचं रडर कुठे, आणि शेपटीची ट्रिम, म्हणजे काडी सोडल्यावर पट्टी कुठे थांबावी ते, मधल्या खुणेपासून थोडी वर. शेवटच्या दिवशी विमान हवेत असताना तिने अंगठ्याने दाबून वर नेली, ती तिथेच आहे. बंद करून सुरू केलं तरी तिथेच असते. मी महिन्यातून एकदा बॅटरी भरतो, पाहतो आणि बंद करतो. बटणांना हात लावत नाही.

आता काळ्या सर्व्होचं. मेनूत शिरायचं नाही म्हणून मी सर्व्होच उलटा केला. झाकण काढलं. आत मोटारीच्या दोन तारा असतात, त्यांची अदलाबदल केली. जोडल्याबरोबर बोट एका टोकाला गेलं आणि तिथेच घुं घुं करत राहिलं. वास आला. मी तो तसाच हातात धरून बसलो होतो. मोटार उलटी केली, पण बोट कुठे आहे हे सर्किटला सांगणाऱ्या तारा तशाच ठेवल्या होत्या. शिकाऊ माणसाने केलं असतं तर मी त्याला दिवसभर बोललो असतो. तो पहिला जळाला, म्हणून "जमला नाही" लिहिलं.

तू पाठवलेल्या दोनपैकी एकाच्या दोन्ही जोड्या बदलल्या. आता बरोबर फिरतो. सोल्डरचे डाग मी दिलेले आहेत, सुटणार नाहीत. भोरडीत बसवला आहे. रिमोट सुरू केला तर पट्टी थोडी वर उभी राहते, तिने ठेवली होती तशीच. दुसरा तसाच ठेवला आहे.

तेव्हा आता अडचण नाही. २८ ला सकाळी ये.

तू उलटं काही बोलला नाहीस.

शालिकराम


अकोला,
६ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र दुकानात वाचलं. गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याले म्हटलं उद्या ये.

मले ठाऊक नव्हतं. माझ्या डोक्यात आलंच नाही, आन् मी हाराचं लिहून बसलो.

तरी एक गोष्ट सांगतोच, रागावले तरी चालन. मी उघडलेला सर्व्हो मुलांच्या डोक्यावरून उडवणार नाही. तुमच्या डागावर भरवसा हाये, डाग सुटणार नाही. पण त्या बारीक डबीत तार दाबून झाकण बसवलं, उतरताना हादरा बसला, तारेचं कव्हर दातात गेलं, मंग? शेपटी वर अडकली तं इमान कोनाच्या अंगावर जाईन याचा भरवसा ना तुमाले ना मले. खाली ते सावलीवर पाय द्यायले धावतात ना? ताईनं हे चालू दिलं असतं का? तुमीच सांगा.

रस्ता हाये. रिमोटमधी एकाच इमानाची जागा नसते, दहा-बारा असतात. ताईचं एक नंबरवर हाये. त्याची कॉपी दोन नंबरवर करू. दोन नंबरवर काय रिव्हर्स करायचं ते करू, न उघडलेला काळा सर्व्हो लावू. एक नंबर जशाचा तसा राहीन, कोनी हात लावणार नाही. उडवून झालं का वापस एक नंबर लावून ठेवा, पाहा किती पाहायचं ते.

एक गोष्ट मात्र मले समजून नाही राहिली. ट्रिम वर नेली हे बरोबर, ते माझ्यामुळं. त्या दिवशी मी नवीन बॅटरी देली होती ना, ती वजनदार होती, नाक खाली वढत असन. पण ताई तं ट्रिम तशी कधीच ठेवत नव्हती. माझ्या इमानाची ट्रिम मधापासून सरकलेली दिसली का तिच्या शिव्या सुरू. "आळशी! रस्त्यावर शेण पडलं तं तू गाडी वळवून नेशील, शेण उचलशील का?" मंग तिच्याच रिमोटवर तशी कशी राहिली?

प्रीतम


अमरावती,
११ फेब्रुवारी

चि. प्रीतम,
आशीर्वाद.

सर्व्होचं तुझं बरोबर आहे. उघडलेला काढून टाकला. न उघडलेला बसवतो.

तुझ्या शेवटच्या प्रश्नावर मी तीन दिवस काढले.

ट्रिम कशी राहिली ते मला माहीत आहे. फक्त मी त्याच्याकडे तसं पाहिलं नव्हतं. विमान उतरलं की आम्ही दोघं शाळेच्या पायरीवर बसायचो. विमान माझ्या मांडीवर, रिमोट माझ्या हातात. ती शेपटीच्या पट्टीपाशी पेन्सिलने खूण करायची, हवेत असताना पट्टी जिथे बरी वाटली तिथे. मग रॉडच्या टोकाची चिमटी सोडवून फिरवायची, म्हणजे रॉडची लांबी बदलते, आणि म्हणायची, "दाबा." मी ट्रिमचं बटण मध्याच्या दिशेने दाबायचो. टिक. "आणखी." टिक. ती चिमटी फिरवत जायची, मी दाबत जायचो, आणि ट्रिम बरोबर मध्यावर आली की रिमोट लांब आवाज करायचा. पट्टी तिच्या खुणेवर, ट्रिम शून्यावर. "झालं," म्हणायची आणि मग पाणी प्यायची. त्याआधी नाही.

त्या दिवशी विमान धसकटांतून उचलून आणलं. पायरीवर बसलो, मी मांडीवर घेतलं. सर्व्होचे दात झडलेले, पट्टी लोंबत होती. ती म्हणाली, "आता काय दाबता, नवा आल्यावर करू." आणि पाणी प्यायली.

म्हणजे मी जपून ठेवलं आहे ते तिने ठेवलेलं नाही. ते तिचं अर्धं राहिलेलं काम आहे. आणि त्यातलं अर्धं माझ्याकडचं आहे, बटण दाबायचं.

तेव्हा दोन नंबरवर कॉपी नको. एक नंबरवरच करू. रिव्हर्स दाबू. पट्टी वर उभी राहील तिथे पेन्सिलने खूण करू आणि मग ट्रिम मध्यावर आणू. तिची जागा रॉडमध्ये जाईल. चिमटी फिरवायला तू लागशील, ती मी कधी फिरवली नाही. २८ ला लवकर ये, कार्यक्रमाच्या आधी.

शालिकराम


अकोला,
१५ फेब्रुवारी

भाऊजी,

येतो. पयल्या गाडीनं. बारीक पक्कड घेऊन येतो, शकुनही म्हणते येते. पेन्सिल तुमी आणा.

प्रीतम


अमरावती,
३ मार्च

चि. प्रीतम यास आशीर्वाद.

तू तिथेच होतास, म्हणून सगळं परत लिहीत नाही. पण तुझे डोळे आभाळात होते, तेव्हा खाली काय झालं ते तुला माहीत नाही. तेवढं कळवतो.

मी भोरडी फेकली आणि ती हातातून सुटल्याबरोबर कळलं. तोल बरोबर होता. तू ओरडलास, "भाऊजी, सुटली!" मी म्हणालो, "दिसतं मला." शकुन हसली. मग मुलं सुटली. दामिनी मॅडमनी त्यांना रांगेत बसवलं होतं, पण तू विमान मैदानावरून खाली आणून सावकाश नेलंस तेव्हा रांग राहिली नाही. सगळी सावलीमागे. मॅडम ओरडायच्या थांबल्या आणि त्यांनीही चपला काढल्या. सावली त्यांच्या पायाखालून गेली. त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सापडली हो मला!" फोटोला हार सकाळीच घातला होता. भाषण एकच झालं, ते प्रमुख पाहुण्यांचं, आणि तेही त्यांनी लवकर संपवलं. त्यांना रिमोट पाहायचा होता.

सकाळी पायरीवर तू चिमटी फिरवत होतास आणि मी दाबत होतो, लांब आवाज झाल्यावर तू पक्कड खाली ठेवलीस. "झालं" मीच म्हणालो. पाणी शकुनने दिलं.

काळा सर्व्हो चांगला आहे. काडी सोडली की बरोबर मधे येतो, मी घरी आल्यावर पुन्हा तपासला. ताकदीच्या मागे लागलो नाही हे योग्य झालं. उरलेल्या बॅटऱ्या, पंखे वगैरे दामिनी मॅडम शाळेत मागत आहेत. देतो. भोरडी भिंतीवर आहे, पण खिळ्यावर नाही, दोन काड्यांच्या आधारावर ठेवली आहे, लगेच काढता येते.

आता एक तक्रार. रात्री रिमोट सुरू केला तर शेपटीची ट्रिम मध्यावर नाही. दोन टिक खाली. ही तुझी. हवेत असताना दाबलीस, उतरवलंस, मुलांनी घेरलं, आणि तू बसच्या मागे पळालास. तिची शिवी मला येत नाही, तू पत्रात लिहिलेली वाचून घे.

मी हात लावलेला नाही. विमान मांडीवर घेईन, बटण दाबीन, पण चिमटी फिरवायला माणूस लागतो. येत्या रविवारी ये. पक्कड तू इथेच विसरला आहेस.

शालिकराम